मिनी बायपास: वहिनीला टेबलावर जाऊ द्यावं का?

औसारोडवाला (लातूर)
थोरल्या वहिनीचं विचारायचंय. वय 41, उंची 162 सेंमी, वजन 128 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबानं वजनाचा आकडा, जवळपास 49. इन्सुलिन चालू, रात्री घोरता घोरता श्वास अडकतो. पुण्याच्या सर्जननी वजन उतरवायला मिनी बायपासचं ऑपरेशन सांगितलं, दादा तारीख घेऊन मोकळा.
माझं म्हणाल तर स्लीव्ह (नुसतं जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) असती तर एक वेळ हो म्हटलं असतं, मिनी नको. जठराची लांब पिशवी करून आतड्याचं वेटोळं सरळ तिलाच जोडतात, त्यामुळं पित्त उलटं पिशवीत येऊ शकतं. रटलेज या अमेरिकन सर्जननं 1997 साली हे सुरू केलं तेव्हापासून सर्जनांतच भांडण आहे. वर्षानुवर्षं पित्त लागून पुढं कॅन्सर झाला तर?

शुगरवाला_परभणी
कॅन्सरची भीती तर्कातली जास्त, पुराव्यातली कमी. आन स्लीव्ह काय देवाचा प्रसाद आहे का? पाऊण जठर कापून काढतात, ते परत जोडता येत नाही. जळजळ तर स्लीव्हनंतरच कित्येकांची वाढते.
टेबलावरची भीती म्हणाल तर अमेरिकेत 2009 साली 4,776 रुग्णांचा अभ्यास छापून आला. 30 दिवसांत दगावले ते 0.3 टक्के, म्हणजे हजारी तीन. बीएमआय 49, इन्सुलिन, झोपेत श्वास अडकतो, हे काय सुरक्षित आहे? घरात बसून माणूस हळूहळू जातो, त्याचा आकडा कोणी मांडत नाही, एवढंच.

गोदाकाठ
परभणीकर दादा, त्या 4,776 मध्ये बहुतेक साधा बायपास (दोन जोडांचा) आणि बँड (जठराला पट्टा बांधतात तो) होते. तो आकडा मिनीच्या नावावर खपवू नका. मिनीची साध्या बायपासशी थेट तुलना फ्रान्समध्ये झाली, 253 रुग्णांवर, 2019 ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आली. दोन वर्षांनी वजन दोन्हीकडं सारखंच उतरलं. पण कुपोषणाचे गंभीर प्रकार मिनीवाल्यांत नऊ, साध्या बायपासमध्ये एकही नाही. तिथं मिनीत आतडं सुरवातीपासून 200 सेंमी सोडून जोड दिला होता. जितकं लांब सोडाल तितकं अंगी लागणं कमी.

डबल_भाकर
रोज सकाळी मेथीचं पाणी प्या. माझ्या साडूचं 11 किलो उतरलं.

शुगरवाला_परभणी
128 मधून 11 गेले तरी 117 राहतात, मामा.

नांदेडची_माय
माझी मिनीच झाली, चार वर्षं झाली. 119 वरून 74. इन्सुलिन सुटलं, गोळी अर्धी राहिली. पहिले पंधरा दिवस खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं वरणाचं पाणी प्यायचे, तेही घड्याळ बघून. चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके यायले. लग्नाच्या पंगतीत अर्धी भाकर खाल्ली की बास होते, वाढपी रागावतात. बी-12, लोह, कॅल्शियम सोडायचं नाही. मी सहा महिने सोडलं आन हिमोग्लोबिन 7 वर आलं. पुण्याला बोलवलं होतं, आम्ही सोयाबीन काढणीत अडकलो. चूक माझीच.

सलाईनवाला
अक्काचंच पुढं ओढतो. मी वीस वर्षं एका तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. भीती टेबलाची नाही, परत आल्यावरची आहे. आमच्याकडं एक बाई आली, बायपासला दोन महिने झालेले, आठ दिवस सारख्या उलट्या. 'पित्त झालंय' म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. बाई डोळे फिरवायली, चालताना झोकांड्या द्यायली. पुढं मोठ्या दवाखान्यात कळालं की अंगातलं बी-1 जीवनसत्त्व संपलं होतं. ते आधी न देता ग्लुकोज चढवलं की मेंदूला आणखी अपाय होतो. हे आमच्यात कोणाला माहीत होतं?
दुसरं, गुडघे दुखले की आपल्याकडं डायक्लोची (दुखणं थांबवायची) सुई ठरलेली. बायपासवाल्याला तिनं जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूचंही तसंच वाईट.
वहिनींच्या पर्समध्ये एक कागद कायम ठेवा: ऑपरेशन कोणतं, तारीख, सर्जनचा नंबर, 'बी-1 आधी, मग ग्लुकोज', 'डायक्लो नको'. लॅमिनेट करून.

गोदाकाठ
हे बरोबर. तरी मी साध्या बायपासच्याच बाजूनं.

शुगरवाला_परभणी
साध्याला जोड दोन, वेळ जास्त, सर्जनचा हात कशावर बसलाय ते बघावं लागतं. 49 च्या बीएमआयला टेबलावरचा अर्धा तास कमी झाला तर तोही हिशेबात धरा.

औसारोडवाला
पित्ताची भीती गेली नाही माझी. आत्ताच दादाला फोन लावला, म्हटलं आतडं 150 सोडणार का 200, एवढं विचार. म्हणाला, 'तारीख बदलू का?' वहिनी मागून ओरडल्या, 'तारीख बदलायची नाही, टेप घेऊन जा.'