सहा-सात वर्षांच्या पोराला सीटबेल्ट लावावा का?

मेहकरवाला: समृद्धीवर ताशी १२० ची परवानगी आहे, म्हणून मागच्या पोरांनाही बेल्ट लावा म्हणतात. पण अपघातात त्याच बेल्टनं पोराचं आतडं फाटतं, हे डॉक्टरच सांगतात. माझं मत सरळ आहे, दहा वर्षांखालचं लेकरू आईच्या मांडीवरच बरं.

शस्त्रक्रिया_विभाग: आतडं फाटतं हे खरं, निष्कर्ष चुकीचा. मोठ्या माणसाचा पट्टा कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकांना अडकतो. साधारण दहा वर्षांपर्यंत ती टोकं पुरेशी वाढलेली नसतात. शिवाय मांड्या आखूड, म्हणून गुडघे वाकवायला पोर पुढं घसरतं आणि पट्टा पोटावर चढतो. धडकेत आतडं पट्टा आणि मणक्याच्या मधात चेंगरतं. मांडीचं म्हणाल, तर ताशी ५० च्या धडकेत १५ किलोचं पोर दोनशेक किलोच्या जोरानं हातातून सुटतं. आईच्याच पट्ट्यात घेतलं तर तिच्या वजनाखाली चिरडतं.

बोलेरो_भाऊ: बूस्टर, म्हणजे पोराला उंच बसवायची ती टणक बैठक, तालुक्याला मिळत नाही जी. उशी टाकून उंच बसवलं की झालं. अन् बेल्ट मानेला घासला की काखेतून काढायचा, सगळेच काढतात.

शस्त्रक्रिया_विभाग: काखेतून काढणं सगळ्यात वाईट. छातीला आधार उरत नाही, अंग कमरेच्या पट्ट्यावर दुमडतं आणि कमरेचा मणका आडवा फाटतो. नुसता कमरेचा पट्टा असलेल्या मधल्या सीटवरही हेच होतं. उशी दबते, घसरते. बूस्टर टणक असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कानांखालून (पट्टा अडकवायच्या खाचांतून) पट्टा मांडीवरच राहतो. उंची १४५ सेंटिमीटर होईपर्यंत तो हवा. ऑनलाइन मागवता येतो.

मेहकरवाला: मांडीचा मुद्दा सोडला. पण १४ वर्षांखालचं पोर बांधलेलं नसलं तर हजाराचा दंड, अन् लग्नाच्या गाडीत मागच्या आडव्या बाकावर आठ पोट्टे! तिथं कोणता बूस्टर बसवता?

बोलेरो_भाऊ: आडव्या बाकावर बसवूच नका, दुसरी गाडी करा. डिझेलचे पैसे वाचवायला तर सगळं चाललंय. बूस्टर नसला तर मग?

शस्त्रक्रिया_विभाग: तर मागच्या कडेच्या सीटवर तीन टोकांचा पट्टा, पाठ टेकलेली, कमरेची पट्टी मांडीच्या मुळाशी, वरची खांद्याच्या मधोमध. बूस्टरइतकं सुरक्षित नाही, मोकळ्यापेक्षा कितीतरी बरं. आणि अपघातानंतर पोर हसत-खेळत असलं तरी सदरा वर करून पाहा. पोटावर पट्ट्याचा आडवा वळ असेल तर खायला-प्यायला काही देऊ नका, पाठ दुखत असेल तर उचलून बसवू नका, १०८ बोलवा. पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली तरी घरी नेण्याची घाई नको. फाटलेल्या आतड्याची उलटी, ताप, पोट कडक होणं कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतं.