मदत हवी आहे: दुकानाचं ऑर्डर सॉफ्टवेअर मोबाईलवर आणायचं आहे

नमस्कार मंडळी,
बेळगावात रविवार पेठेत आमचं किराणा मालाचं होलसेल दुकान आहे. बाबांच्या काळापासूनची गिऱ्हाइकं खानापूर, नंदगड, जांबोटी, कणकुंबीपर्यंत आहेत. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर दुकानातल्या विंडोज कॉम्प्युटरवर चालतं. तेच आता सेल्समनच्या मोबाईलवर हवंय.

खरी अडचण रेंजची. जांबोटीच्या पुढे जंगलात गेलं की नेट गायब. ऑर्डर फोनमध्येच साठून, रेंज आल्यावर दुकानात पोचली पाहिजे. पण तेवढ्या वेळात दुसऱ्याने तीच शेवटची दहा पोती विकली तर? कुणाची ऑर्डर धरायची? परवा वहीवरच असा घोळ झाला आणि एका जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागलं. फार वाईट वाटलं.

एक जण म्हणतो ब्राउझरमध्ये चालणारं वेब अ‍ॅप करा, ऑफलाईनही चालतं. दुसरा म्हणतो अँड्रॉइडचं वेगळंच करा. प्ले स्टोअरची २५ डॉलर फी एकदाच आहे, ती परवडते. पण नवीन वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आमची माणसं मिळून सात!

शिवाय मालाची नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत हवीत, फोनही सगळ्यांचे साधेच.

बेळगाव, निपाणी भागात कुणी हे केलंय का? स्टॉकचा मेळ कसा घातलात, तेवढं तरी कृपया सांगा.