क्रिप्टचं सिम्युलेशन: जोरदार पेशीसुद्धा बहुतेक वेळा हरते, कोड चुकलाय का?

गणिताची_वही
एमएस्सी स्टॅटच्या प्रोजेक्टसाठी आतड्याच्या एका क्रिप्टचं मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय. विषय मी मागून घेतला. माझ्या आत्याला एफएपी हा आनुवंशिक आजार आहे, म्हणजे पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या एपीसी जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली. आतड्यात शेकडो पॉलिप (अस्तरावरच्या गाठी) झाले आणि मोठं आतडं काढावं लागलं. एक बिघडलेली पेशी पसरते तरी कशी, ते मला स्वतः करून बघायचंय.

मॉडेल साधं आहे. क्रिप्ट म्हणजे अस्तरातली अरुंद, खोल खाच. तिच्या तळाशी ७ मूलपेशी गोल बसलेल्या. एक विभागली की शेजारणीला ढकलते, ढकललेली वर सरकत जाते आणि काही दिवसांत गळून पडते. त्यातल्या एकीत उत्परिवर्तन घातलं, तिला विभागायची दीडपट संधी दिली आणि १०,००० वेळा चालवलं. फक्त ३,५२१ वेळा तिच्या वंशाने क्रिप्ट भरली, बाकी वेळी ती नाहीशी. दीडपट जोर असून एवढी हार? दोन रात्री कोड ओळन् ओळ वाचला. शिवाय निकाल लागायचा सरासरी वेळही फारच कमी येतोय.

मोरानचा_शेजारी
कोड बरोबर आहे, निश्चिंत राहा. हे १९५८ चं मोरान मॉडेल: गटाची संख्या कायम, एक वाढली की एक जाते. (१ − १/१.५) ला (१ − १/१.५ चा सातवा घात) ने भागा, तिने क्रिप्ट भरायची शक्यता ०.३५४ येते. सुरुवातीला ती एकटी असते, त्यामुळे पहिल्याच झटापटीत बाहेर जायची शक्यता ४०%. तीन-चार जणी झाल्या की मग तिला हलवणं अवघड.

आता जोर १ ठेवून चालवा. सातात एकदा, म्हणजे १४% वेळा तीच क्रिप्ट भरेल, काहीही फायदा नसताना. २०१० साली उंदरांच्या मूलपेशींना वेगवेगळे रंग देऊन हेच दाखवलं गेलं: काही महिन्यांत अख्खी क्रिप्ट एका रंगाची. पुढे २०१३ मध्ये व्हर्म्युलेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांतच मोजलं की केआरएएस हे वाढीचं जनुक बिघडलेल्या पेशींनासुद्धा साध्या पेशी बरेचदा हटवतात.

वेळेचं म्हणाल तर हरलेले आणि जिंकलेले रन एकत्र केलेले दिसतात. हरणारे लवकर संपतात आणि सरासरी खाली ओढतात. वेगळे करा.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजिस्ट. एफएपीच्या आतड्याचा काप सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर ठेवला की हे डोळ्यांनी दिसतं. आजूबाजूच्या क्रिप्टमध्ये गॉब्लेट (चिकट स्राव बनवणाऱ्या) पेशींचे फिके, फुगीर थेंब, केंद्रकं तळाशी एका ओळीत. आणि मधेच एक क्रिप्ट गडद, केंद्रकं पेन्सिलीसारखी लांब, एकावर एक चढलेली. फक्त एकच क्रिप्ट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ काच हलवलीच नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये दोन गोष्टी राहिल्यात. आत्यांच्या सगळ्याच पेशींत एक प्रत बिघडलेली आहे, म्हणजे स्पर्धा ‘निरोगी विरुद्ध बिघडलेली’ अशी नाही. एक प्रत शिल्लक असलेल्या आणि दोन्ही गेलेल्या पेशींमधली आहे. दुसरं, क्रिप्ट भरली की पेशी तिथेच कोंडली जाते. पुढे पसरायला क्रिप्टच तळापासून दुभंगून दोन व्हाव्या लागतात. तो टप्पा नाही घातला तर पॉलिप होणारच नाही.

मोरानचा_शेजारी
काचपट्टीताईंचं दुसरं म्हणणं आधी घ्या. आणि जोर कायम दीडपट धरू नका. एपीसी गेलेल्या पेशी नोटम नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याने शेजारच्या मूलपेशी दबतात, हे २०२१ मध्ये उंदरांत दिसलं. म्हणजे त्या नुसत्या वेगाने धावत नाहीत, शेजारणीचे पाय ओढतात. उंदरांना लिथियम हे औषध दिल्यावर तो फायदा कमी झाला.

गणिताची_वही
दोघांचेही मनापासून आभार. रन वेगळे केले; जिंकलेल्यांचा वेळ कितीतरी जास्त निघाला. जोर १ ठेवून १०,००० त १,४१९ आले.

७ ऐवजी १६ पेशीही घेऊन पाहिल्या. जोर नसताना शक्यता १४ वरून ६ टक्क्यांवर आली, पण दीडपट जोर असताना ३५ ची ३३ झाली, बस. म्हणजे मोठी क्रिप्ट नुसत्या नशिबापासून वाचवते, जोरापासून जवळजवळ नाही. हे मी सूत्रावरून कधीच ओळखलं नसतं.

लिथियमचं आत्याला सांगावंसं वाटलं, पण ते उंदरांतलं आहे, म्हणून थांबले. आज रात्री १०० क्रिप्टची जाळी मांडतेय. दुभंगताना दोन्ही लेकींना किती मूलपेशी द्यायच्या, सारख्या की यदृच्छेने?

काचपट्टी
यदृच्छेने द्या. पण एकही क्रिप्ट रिकामी राहायला नको, ती अट घाला.