विषय: दारासमोरचा ओटा घराकडे कललाय, दिवाळीआधी काँक्रीट ओतून घ्यावं का?

१५ ऑक्टोबर, सेंट पॉलहून (मिनेसोटा, अमेरिका)

नमस्कार मंडळी,

फराळाच्या यादीच्या मध्येच हा विषय काढते आहे, पण शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणून थांबवत नाही.

मागच्या वर्षी आम्ही १९२६ सालचं घर घेतलं. पुढच्या दाराशी चार पायऱ्या आणि वर पाच बाय सहा फुटांचा काँक्रीटचा ओटा आहे. तो घराच्या बाजूला कललाय. पाऊस आला की पाणी पायऱ्यांवरून खाली जायच्या ऐवजी उंबरठ्याशी साचतं. पायऱ्यांच्या कडा झडल्यात, वरचा पापुद्रा सुटून खडी उघडी पडलीये. खाली बेसमेंटच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात ब्लॉकच्या भिंतीला पांढरा लोणा लागलाय आणि कुबट वास येतो.

दोन कंत्राटदार पाहून गेले. पहिला म्हणाला, जुन्यावरच दोन इंचांचा थर देतो, एका दिवसाचं काम. दुसरा म्हणाला, फोडून नवीन ओततो, पुढच्या आठवड्यात मोकळा आहे, आत्ता ठरवलंत तर पंधरा टक्के कमी. दिवाळीला आमच्याकडे तीसेक माणसं यायची आहेत आणि सासूबाईंना त्या पायऱ्या उतरताना पाहून माझा जीव वर-खाली होतो.

सासरे पुण्यात चाळीस वर्षं बांधकामावर होते. ते म्हणतात, नवीनच करून घे आणि सात दिवस गोणपाट टाकून पाणी मार. मी सकाळ-संध्याकाळ नळी धरायला तयार आहे. पण रात्री आता तापमान फॅरनहाइटच्या तिशीत, म्हणजे गोठणबिंदूच्या आसपास उतरायला लागलंय, तेव्हा विचारते. कोणी असं काम करून घेतलंय का?

१५ ऑक्टोबर, ब्लूमिंग्टनहून

ताई,

शुक्रवारी दोघांनाही नाही म्हणा. कारण सविस्तर लिहितो. माझी नोकरीची तीस वर्षं काँक्रीटच्या चाचण्यांमध्ये गेली आणि या एका चुकीपायी लोकांचे पैसे वाया गेलेले मी फार पाहिलेत.

आधी ओटा का कलला ते. घर बांधताना पायासाठी खड्डा भिंतीपेक्षा मोठा खणतात. भिंत उभी राहिली की उरलेल्या फटीत माती लोटतात. ती कधीच नीट दाबलेली नसते आणि नव्वद-शंभर वर्षं हळूहळू बसत राहते. तुमच्या ओट्याची घराकडची कड त्या भरावावर आहे, पुढची कड मूळ जमिनीवर. म्हणून मागची बाजू खाली गेली. आता छपराचं आणि ओट्याचं पाणी थेट भिंतीच्या मुळाशी मुरतंय. बेसमेंटचा लोणा ही वेगळी तक्रार नाही, त्याच पाण्याची ही खालची खूण आहे.

दोन इंचांच्या थराने खाली बसणारी माती थांबत नाही, उलट तिच्यावर वजन वाढतं. शिवाय नवा थर जुन्या, ओल धरलेल्या, पापुद्रे सुटणाऱ्या काँक्रीटला चिकटून राहत नाही. मधल्या फटीत पाणी शिरतं, गोठतं आणि एक-दोन हिवाळ्यांत अख्खी चकती उचलली जाते.

फोडून नवीन करणं बरोबर आहे, पण कशावर? त्याच्या अंदाजपत्रकात पायाविषयी काय लिहिलंय ते बघा. आपल्या ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिॲपोलिस-सेंट पॉल परिसरात, पाया जमिनीखाली ४२ इंच न्यावा लागतो. उत्तरेला डलूथकडे तर ६० इंच. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलं आहेच, पण जमीन उचलली जाते ती तेवढ्याने नाही. बारीक गाळाची माती दिव्याच्या वातीसारखी खालून पाणी ओढत राहते आणि गोठणाऱ्या रेषेपाशी बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात. ते पापुद्रे ओटा उचलतात, एप्रिलमध्ये विरघळतात आणि ओटा पुन्हा भलत्याच कोनात बसतो. खाली दाबून बसवलेली खडी लागते ती याचसाठी, तिच्यातून पाणी वर चढत नाही. नुसत्या खडीवर टाकलेली लादी अंगणातल्या पायवाटेला चालेल, घराच्या दाराला नाही.

एक काम आजच करा. ओट्याची पातळी जिथे भिंतीला भिडते तिथे दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ ओढा. पुढच्या कोपऱ्यांची उंचीही दाराच्या चौकटीवरून सरळ पट्टी धरून मोजून ठेवा. फेब्रुवारीत पुन्हा मोजा, मेमध्ये पुन्हा. मग ओटा नुसता बसतोय की थंडीने उचललाही जातोय हे कळेल, आणि नवीन पाया कुणाच्या अंदाजावर ठरवावा लागणार नाही.

आता ऋतूचं. थंडीत काँक्रीट ओततच नाहीत असं नाही. पूल, इमारती बाराही महिने चालतात. गरम पाण्यात मिश्रण करतात, वरून उबदार पांघरुणं घालतात. हवा ४० अंश फॅरनहाइटच्या खाली गेली किंवा जाणार असली की ही काळजी सुरू होते. ताजं काँक्रीट ५०० पीएसआय (दर चौरस इंचाला ५०० पौंड दाब सोसण्याच्या) ताकदीला पोहोचायच्या आत गोठलं तर ते कायमचं अधू होतं. एवढं तर कुणीही चांगला कंत्राटदार सांभाळेल. पण तुमचा ओटा उघड्यावर आहे, त्यावर बर्फ साचणार, बुटांना लागून मीठ येणार. अशा काँक्रीटला मिठाशी गाठ पडण्याआधी पुरती ताकद यायला हवी आणि नंतर महिनाभर तरी वाळायला मिळायला हवं. ऑक्टोबरअखेर ओतलेलं काँक्रीट वाळायला वेळच कुठे आहे? ते आत पाणी घेऊनच डिसेंबरात शिरतं. मग पहिल्याच वसंतात पापुद्रे.

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ते म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, मीही तिकडे शिकलो तेव्हा स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवायचो. पुण्याच्या उन्हात काँक्रीटमधलं पाणी उडून जातं आणि सिमेंटचं काम अर्धवट राहतं, म्हणून पाणी मारायचं. इथे ऑक्टोबरात पाणी फारसं उडत नाही, आणि वरून घातलेलं पाणी आत भरून राहतं ते गोठण्यासाठी. इथल्या शरद ऋतूत ऊब आणि पांघरूण द्यायचं, नळी नाही. मेमध्ये ओतलंत तर त्यांना खुशाल गोणपाट घेऊन बसू द्या.

मिश्रणाबद्दल: ४,५०० पीएसआय, पाणी आणि सिमेंट यांचं प्रमाण ०.४५ च्या वर नको, आणि हवा साधारण ६ टक्के. या शेवटच्यावर हटून बसा. काँक्रीटमध्ये मुद्दाम सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवणारं द्रव्य घालतात. आतलं पाणी गोठायला लागलं की त्याला पळायला जवळच, पाव मिलिमीटरच्या आत, एक रिकामी खोली मिळते. अमेरिकेत ही युक्ती १९३० च्या दशकात रस्त्यांच्या कामातून हाती आली. तुमचा १९२६ चा ओटा त्याआधीचा असेल तर त्यात हे बुडबुडे नाहीतच, तरी तो इतकी वर्षं टिकला, म्हणजे कुणीतरी हात राखून पाणी घातलं होतं.

ट्रक आला की ड्रायव्हरकडून तिकीट मागून घ्या, त्यावर हे सगळे आकडे असतात. आणि लक्ष ठेवा: सरसरीत व्हावं म्हणून गवंडी ट्रकमध्ये पाणी घालायला सांगतील. ते थांबवा. पृष्ठभागावर आलेलं पाणी जिरायच्या आत घोटायचं नाही, त्यावर आणखी पाणी शिंपडून तर मुळीच नाही. लोखंडी थापीने गुळगुळीत चकाकी आणायची नाही. त्याने वरच्या थरातली हवाच निघून जाते. झाडूचा खरबरीत हात पुरे, पायही घसरत नाही.

उतार दर फुटाला पाव इंच, घरापासून बाहेर. पाच फुटांना सव्वा इंच. ओटा आणि भिंत यांच्यामध्ये फोमची पट्टी, म्हणजे एक हलला तरी दुसऱ्याला ओढणार नाही.

दिवाळीसाठी लाकडी पायऱ्या आणि दोन्हीकडे कठडा करून घ्या. सासूबाईंना आधार त्याचा लागेल.

१६ ऑक्टोबर, मिनिॲपोलिसहून

काकांच्या मेलला जोडून, ज्यांची घरं याहूनही जुनी आहेत त्यांच्यासाठी.

आमचं १९०८ चं आहे. पाया दगडी, इथल्याच प्लॅटव्हिल चुनखडीचा, दोन्ही शहरांत जुन्या घरांखाली तो सापडतो. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या होत्या आणि भुसभुशीत झाल्या होत्या. आम्ही एकाला बोलावलं, त्याने सगळ्या दर्जा खरवडून कडक सिमेंटने भरून दिल्या. काम दिसायला फार सुबक होतं. चौथ्या हिवाळ्यानंतर दर्जा जशाच्या तशा आणि दगडांचेच चेहरे गळायला लागले. चुन्याच्या दर्जेतून भिंतीची ओल बाहेर पडत होती, ती वाट आम्ही बुजवली. मग ओल दगडातून बाहेर यायला लागली आणि दगडाच्या चेहऱ्याच्या लगेच आत गोठायला लागली. दर्जा नेहमी दगडापेक्षा मऊ हवी, ती झिजेल, पुन्हा भरता येईल. दगड पुन्हा मिळत नाही. मी पुण्यात वाड्यात वाढले, चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या चरात) मळलेल्या चुन्याच्या भिंती रोज पाहिल्या होत्या, आणि इथे येऊन तेच विसरले याचं मला अजून वाईट वाटतं. दोन वर्षांपूर्वी सगळं सिमेंट हाताने छिन्नीने काढून पुन्हा चुन्याच्या मिश्रणाने भरलं.

ताई, तुमची भिंत काँक्रीट ब्लॉकची आहे, तिला हे लागू नाही. पण आतून पाणीरोधक रंग मारायचा सल्ला मिळाला तर आधी बाहेरचं पाणी थांबवा. आम्ही तो मारला होता, मागून ओल आल्यावर त्याचे फुगे आले आणि पोपडे पडले. गटरच्या पाइपला खाली सहा फुटांचा जोड द्या आणि भिंतीलगत माती चढवून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार करा. शनिवार-रविवारचं काम आहे, फावडं आमच्याकडे आहे.

१६ ऑक्टोबर, ईगनहून

दोनच गोष्टी. खणण्याआधी ८११ ला (जमिनीखालच्या लाइन्स खुणा करून दाखवणारी सेवा) फोन, किमान दोन कामाचे दिवस आधी. गॅसची लाइन बहुधा पुढच्याच अंगणातून येते. आणि शेवटचा हप्ता देताना कंत्राटदाराकडून आणि काँक्रीट पुरवणाऱ्या प्लांटकडूनही लीन वेव्हरवर, म्हणजे घरावरचा बोजाचा हक्क सोडल्याच्या कागदावर, सही घ्या. कंत्राटदाराने प्लांटचे पैसे थकवले तर, तुम्ही पूर्ण रक्कम दिलेली असली तरी, प्लांट तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. मिनेसोटात त्यासाठी त्यांनी शेवटचं काम केल्यापासून किंवा शेवटचा माल पुरवल्यापासून १२० दिवसांची मुदत असते.

२२ जून, सेंट पॉलहून

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरातला विषय पूर्ण करायचा राहिला होता.

शुक्रवारी दोघांनाही नाही कळवलं. ब्लूमिंग्टनच्या काकांनी सांगितलेल्या रेघा ओढल्या आणि मिनिॲपोलिसच्या ताईंचं फावडं आणून माती चढवली, पाइपला जोड दिला. दिवाळी लाकडी पायऱ्यांवर झाली, तुम्ही सगळ्यांनी पाहिलीच.

फेब्रुवारीत मोजलं तेव्हा पुढची कड पाव इंचाहून थोडी जास्त वर आलेली होती. मेच्या सुरुवातीला ती खाली गेली, पण ऑक्टोबरच्या खुणेवर पुन्हा आली नाही. म्हणजे दोन्ही होतं, भरावही बसत होता आणि थंडीही उचलत होती. वहीतले ते आकडे नव्या कंत्राटदाराला दाखवले आणि त्याने वाद न घालता ४२ इंचांखाली पाये धरले. ओतण्याआधी शहराचा इन्स्पेक्टर खड्डे मोजून गेला. आणि बेसमेंटचा कुबट वास एप्रिलमध्येच गेला होता, काँक्रीटचा एक थेंब पडायच्या आधी, नुसत्या मातीच्या उताराने आणि पाइपच्या जोडाने.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ओटा ओतला. तिकिटावर हवा ६.२ टक्के होती. एकाने ट्रकमध्ये पाणी घालायला सांगितलं, तेव्हा मी पुढे होऊन नको म्हटलं. सासरे बाजूलाच खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोणपाट अंथरलं आणि सात दिवस सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला स्वतः पाणी मारलं, मला नळीला हात लावू दिला नाही. आठव्या दिवशी गोणपाट काढून त्यांनी ओट्यावर सगळीकडे नाण्याने टकटक करून पाहिलं आणि आत येऊन सासूबाईंना म्हणाले, "चल, उतरून बघ." त्या उतरल्या. कठड्याला हात न लावता.

पहिला हिवाळा ओट्यावर आम्ही कुठलंही मीठ वापरणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याल तेव्हा दाराशी वाळूची बादली ठेवलेली असेल आणि पायरीवर वाळू टाकलेली असेल. गाडीतून येताना बुटांना मीठ लागलेलं असतं, तेव्हा खालच्या पायवाटेवरच बूट झटकून वर या.