मदत हवी आहे: धातुसदृश दाखवताना सिलिकॉन 'धातू' ठरतो

दहावीच्या वर्गासाठी प्रयोग बसवतोय. तापवल्यावर धातूचा रोध वाढतो, अर्धवाहकाचा (इथे सिलिकॉनसारख्या धातुसदृशाचा, म्हणजे धातू-अधातूंच्या मधल्या मूलद्रव्याचा) घटतो, एवढंच मुलांना डोळ्यांनी दिसावं. तांब्याची बारीक तार 30 वरून 90 अंश सेल्सिअसला नेली की रोध साधारण 23 टक्के वाढतो, ते छान दिसतं. गाडं सिलिकॉनवर अडतं. बाजारातली चकती बोरॉन मिसळलेली असते. या तापमानाला तिच्यातले भारवाहक (वीज वाहून नेणारे कण) आधीच मोकळे झालेले असतात, संख्या फारशी वाढत नाही, उलट त्यांची हालचाल मंदावते. म्हणून रोध चढतो, अगदी तांब्यासारखा! शुद्ध जर्मेनियमचं ऊर्जा-अंतर (भारवाहक मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) 0.67 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉनचं 1.12. त्यामुळे जर्मेनियमचा रोध तेवढ्याच तापमानात कित्येक पट उतरायला हवा.

तर विचारायचं असं: भेसळ नसलेला जर्मेनियमचा छोटा तुकडा परवडेल अशा दरात कुठे मिळतो? जुन्या जर्मेनियम डायोडचा उलट प्रवाह मोजणं चालेल का? मला ते पटत नाही, कारण तिथे मूलद्रव्य नव्हे, संधी (जंक्शन, म्हणजे डायोडमधला दोन भागांचा सांधा) मोजली जाते.

दुसरं, सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या थरामुळे मल्टिमीटरचा आकडा टोक दाबेल तसा नाचतो. चार टोकांची जोडणी (दोन टोकं प्रवाहाला, दोन व्होल्टेज मोजायला) करताना चांदीची पेस्ट वापरावी की इंडियम हा मऊ धातू चोळावा?

आणि अँटिमनी? तापवल्यावर त्याचाही रोध वाढतो, तरी पुस्तकात तो धातुसदृश. मुलांना वर्गीकरणाचा कोणता निकष सांगता?