मदत हवी आहे: व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्टच ठेवू की चॅनल सुरू करू?

मंडळी, जरा सल्ला द्या. आम्ही अमळनेरचे, आई आणि काकू बिबड्या (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ करतात, विक्री सगळी व्हॉट्सअॅप बिझनेसवर. पुण्याला, सुरतला गेलेली आपली माणसं अहिराणीत व्हॉइस नोट टाकतात, काकू ऐकून तशीच अहिराणीत उत्तर देते आणि ऑर्डर तिथंच पक्की होते, खरं सांगू तर आमचा ब्रँड म्हणजे हेच बोलणं आहे.

अडचण अशी की ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ च्या वर नंबर बसत नाहीत आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. इन्स्टाची रील बघून येणारे नवीन लोक नंबर सेव्हच करत नाहीत, मग उन्हाळ्यात ताज्या बिबड्या झाल्या की त्यांना कळतच नाही!

भाऊ म्हणतो चॅनल सुरू कर, लोक ते फॉलो करतात आणि आपला मेसेज सगळ्यांना दिसतो, नंबर सेव्ह करायची भानगड नाही. पण तिथे गिऱ्हाईक आपल्यासारखं बोलू शकत नाही, नुसतं इमोजी टाकणार, ते माझ्या मनाला पटत नाहीये.

कोणी दोन्ही सोबत चालवतं का? पार्सलवर क्यूआर कोड छापून नंबर सेव्ह करून घेतलेत का कोणी, उपयोग झाला का? धुळे-जळगावकडच्या घरगुती उद्योगवाल्या ताईंनी तर नक्की सांगा.