पहिलीच 200 ची बीआरएम, तीही सागरी रस्त्याने. हायब्रिडवर जमेल का?

भाट्येपूल

सगळ्यांना नमस्कार. मी रत्नागिरीत राहते आणि पावसच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पावसाळा सोडला तर जमेल तेव्हा शाळेत सायकलनेच जाते. रविवारी कधी गणपतीपुळे, कधी पूर्णगड अशी चक्कर असते. सगळ्यात लांब म्हणजे आडिवऱ्यापर्यंत जाऊन आले आहे.

डिसेंबरात 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायचं मनात पक्कं आहे. मार्ग रत्नागिरीहून दक्षिणेला: पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, तिथून विजयदुर्गच्या बाजूला शंभर भरले की वळायचं आणि आल्या रस्त्याने परत. सकाळी सहाला सुटायचं. वेळ साडेतेरा तास.

सायकल साधी हायब्रिड आहे, रोड आणि माउंटन बाईकच्या मधली. गिअरच्या पुढे तीन चकत्या, मागे आठ, टायर 35 मिमीचे. दुकानदार म्हणतात, एवढ्या अंतराला रोड बाईकच पाहिजे. भाऊ त्याच्या मित्राची रोड बाईक आणून देतो म्हणतोय. सपाटीला माझा वेग वीसच्या आसपास असतो. चढाला किती पडतो ते बघायचं मी सोडून दिलंय, पण उतरून ढकलत नाही.

सायकल बदलू का? आणि राहिलेल्या दोन महिन्यांत नेमकं काय करू? घरून विरोध नाही, पण "झेपेल का?" हे रोज ऐकते. ज्यांनी किनाऱ्यावर लांबची राइड केली आहे त्यांनी जरूर सांगा.

पंचगंगा_पेडल

ताई, उत्साहाला सलाम. पण पहिली 200 सागरी रस्त्यावर करू नका असं माझं प्रामाणिक मत आहे. कोल्हापूर, साताऱ्याकडे महामार्गावरच्या 200 होतात. रस्ता रुंद, चढ लांब पण सौम्य, दर दहा किलोमीटरला हॉटेल. एकदा 200 अंगात मुरली की मग कोकणात उतरा. तुमच्याकडच्या घाट्या लहान दिसतात, पण मोजायला गेलं तर संपत नाहीत. रोड बाईकबद्दल म्हणाल तर वजन कमी म्हणजे दमणूक कमी, मिळत असेल तर घ्या.

सड्यावरचा

ताई, मी रत्नागिरीचाच. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतो, सायकली खोलणं-जोडणं हा आवडीचा उद्योग आणि 200 ते 600 पर्यंतच्या बीआरएम केल्या आहेत. तुमचा मार्ग माझ्या रोजच्या ओळखीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सायकल. बदलू नका. तुमच्या हायब्रिडला पुढची सगळ्यात छोटी चकती बहुतेक 28 दात्यांची असेल आणि मागची सगळ्यात मोठी 32 ची. मोजून खात्री करा. तसं असेल तर पेडलच्या एका पूर्ण फेरीत मागचं चाक एक फेरीसुद्धा पुरं करत नाही. जुन्या रोड बाईकवर पुढे 34, मागे 28 असं असतं. तिथे त्याच एका फेरीत चाक सव्वा वेळा फिरवावं लागतं. भाट्याच्या पुलावरून गोळपच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, चढताना हा फरक मांड्यांना कळतो, आणि दीडशे किलोमीटर झाल्यावर तर फारच. शिवाय परक्याच्या सायकलचं सीट, हँडल, पोहोच काहीच तुमच्या मापाचं नसणार. साडेतेरा तासांत त्याचा हिशेब मान आणि मनगटं चुकती करतात. फक्त टायर बदला. 35 च्या खाचावाल्यांऐवजी 28 किंवा 32 चे गुळगुळीत घ्या, रिमला बसतात का ते आधी बघून.

आता खरा मुद्दा. या मार्गावर तुम्हाला चढ हरवणार नाहीत. दुपारचा वारा हरवू शकतो, आणि त्याची तयारी सकाळीच करावी लागते.

सकाळी आपल्याकडे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, हलका आणि कोरडा. तो आडवा येतो, त्याचा त्रास नाही. अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि हिवाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो. तुम्ही जाणार दक्षिणेला, परतणार उत्तरेला. म्हणजे जाताना वारा नाही, आणि परतीच्या शंभर किलोमीटरला तो समोरून, तोही सड्यावर, जिथे आडोशाला झाड नाही. हाच मार्ग उत्तरेला जाऊन परत येणारा असता तर गोष्ट वेगळी होती.

म्हणून वेळेचं गणित असं मांडा. बीआरएमला ताशी 15 हा किमान वेग धरलेला असतो आणि त्यात तुमचं खाणं, पंक्चर, सिग्नल सगळं आलं. शंभरावरचा कंट्रोल, म्हणजे वेळेची नोंद करायचा थांबा, तुम्ही सुटल्यापासून 6 तास 40 मिनिटांनी बंद होतो, म्हणजे तुम्हाला 12:40. बरेच जण 12:30 ला पोहोचले की खूश होतात. या मार्गावर ते धोक्याचं आहे. तुम्ही बारापर्यंत वळलेल्या असायला हव्यात. जाताना चालता वेग 18 ठेवलात तर शंभराला साडेपाच तासांच्या थोडं वर लागतात, त्यात वीस-पंचवीस मिनिटांच्या थांब्यांची भर घाला, की बारा. मग परतीला साडेसात तास हाताशी राहतात. वाऱ्यात वेग 15 वर आला तरी पावणेसात तासांत रत्नागिरी, आणि पाऊण तास विश्रांतीला उरतो.

उलटं करून बघा. 12:30 ला वळलात आणि वेग 15 वरच राहिला, तर थांबायला वीस मिनिटं. एवढ्यात पंक्चरसुद्धा निघत नाही.

सकाळी वेळ जातो तो पेडल मारताना नाही. चहाला सगळे थांबले म्हणून आपण थांबलो, फोटो काढले, मागचा येईपर्यंत वाट बघितली, यात जातो. मी स्वतः जाताना पूर्णगडच्या पुलावर पाय टेकतो तो फक्त बाटली भरायला. पूल उतरून गावखडीकडे निघालं की सुरूची सावली मिळते, तिथे हळू चालवत चालवत खातो. केळं सोलताना हँडल एका हाताने धरायची सवय आत्ताच करून ठेवा.

भाट्येपूल

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. चकत्या मोजल्या: पुढची छोटी 28, मागची मोठी 32, अगदी तुम्ही म्हणालात तशाच. सायकल बदलत नाही, भावाला सांगितलं.

वाऱ्याचं कळतंय. शाळेतून परतताना संध्याकाळी पावस ते गोळप जो दम निघतो तो याचमुळे, आता लक्षात आलं. पण मग तयारी कशी करू? आणि पाण्याचं काय? मला पायात गोळे येतात, विशेषतः पोटऱ्यांत, सत्तरच्या पुढे.

सड्यावरचा

तयारी दुपारी करा. ऐकायला विचित्र वाटेल, पण सगळे पहाटे उठून सराव करतात आणि बीआरएमच्या दिवशी दोन वाजताच्या उन्हाची पहिली ओळख होते. दर रविवारी लांब राइड करताच, त्यातल्या एकाआड एक रविवारी असं करा: सकाळी आरामात आडिवऱ्यापर्यंत जा, जेवा, आणि साडेबाराला परत निघा. ते परतीचं अंतर म्हणजे तुमच्या बीआरएमचा शेवटचा टप्पा, त्याच उन्हात, त्याच वाऱ्यात. वेगाकडे बघू नका. पेडल जड झालं की लगेच गिअर हलका करायचा, एवढंच मनात ठेवा. वाऱ्याशी जड गिअरवर झटापट केली की गुडघे बोलायला लागतात. कोपरं वाकवून खाली झुका, ताशी एखादा किलोमीटर तिथेच वाचतो. बाकीच्या रविवारी अंतर वाढवत न्या. शंभर, मग एकशेतीस-चाळीस. त्याच्या पुढे सरावात जायची गरज नाही. शेवटचा आठवडा फक्त शाळेत जा-ये.

आता पायातल्या गोळ्यांचं. कारणं एकाहून जास्त असतात. दमलेला स्नायू हे मोठं कारण, ते सरावाने कमी होतं. दुसरं पाणी आणि मीठ. किनाऱ्यावर हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यामुळे शरीर आणखी घाम काढतं आणि मीठ जातच राहतं. अशा वेळी नुसतं साधं पाणी पोटभर पीत राहणं वाईट. रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं जड होतं, आणि माणूस समजतो आपल्याला आणखी पाणी हवंय.

दोन बाटल्या ठेवा. एकीत साधं पाणी, ते प्यायलाही आणि डोक्यावर ओतायलाही. दुसरीत ओआरएस, पण मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं रिकामं करू नका. मी ओआरएसला आलटून पालटून कोकमाचं आगळ वापरतो. आगळात मीठ असतंच, दोन चमचे आगळ आणि तीन-चार चमचे साखर घातली की बाटली तयार. उन्हात गोड नकोसं होतं तेव्हा हेच तोंडाला चव आणतं. छोट्या बाटलीत घरचं आगळ भरून घ्या, पिशवीत घट्ट झाकण लावून, नाहीतर जर्सीवरचे डाग निघत नाहीत.

खाणं दर तासाला थोडं. केळं, चिक्की, राजगिऱ्याची वडी, घरून नेलेल्या घावनात गुंडाळलेला गूळ. वळताना मासळीची थाळी मागवू नका. पानात येईपर्यंत वेळ जातो आणि खाल्ल्यावर वाऱ्यात पोट जड. जेवायचं रत्नागिरीत येऊन.

आणि पंचगंगा_पेडल यांना एक विनंती. महामार्गाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तिथे वेळ हाताशी जास्त राहतो. पण ताईंना इथला एकेक चढ ठाऊक आहे, कुठल्या वाडीत नळ आहे ते ठाऊक आहे. पहिल्या 200 ला ही ओळख फार कामाला येते. रात्री महामार्गावर ट्रकच्या शेजारून जाण्यापेक्षा मी कुणालाही आधी ओळखीचा रस्ता सांगेन.

पंचगंगा_पेडल

ओळखीच्या रस्त्याचा मुद्दा पटला. वाऱ्याचं हे गणित आम्हा घाटावरच्यांना माहीतच नव्हतं. ताई, मग इथेच करा, पण लाइट विसरू नका. साडेसातची मुदत आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

वेंगुर्ल्याची

भाट्येपूल ताई, एक गोष्ट पुरुष मंडळी सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. बायका लांबच्या राइडला पाणी कमी पितात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. मी पाहिलंय, चांगल्या दमाच्या मुली दीडशेला डोकं धरून बसतात, आणि कारण हे. सरावाच्या राइडमध्येच जागा हेरून ठेवा. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरापाशी, कशेळीच्या कनकादित्याच्या आणि आडिवऱ्याच्या महाकालीच्या देवळापाशी विचारून ठेवा, पेट्रोल पंप कुठे कुठे आहेत ते बघून ठेवा. आणि वाडीतल्या कुठल्याही घरी "काकू, जरा येऊ का?" म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही, वर पाण्यासोबत गुळाचा खडा मिळतो.

पॅडवाली शॉर्ट आतून काही न घालता घाला, आतल्या कपड्याच्या शिवणीने सोलून निघतं. त्या आधी जांघेत पेट्रोलियम जेली. शॉर्टवर सैल ट्रॅक पँट हवी असेल तर उजव्या पायाला पट्टी बांधा, चेनमध्ये अडकते. पाळीची तारीख त्याच दिवशी येत असेल तर घाबरू नका, सरावात एकदा त्या दिवसांतही चालवून बघा, म्हणजे आपलं आपल्याला कळतं.

संध्याकाळची शेवटची वीस किलोमीटर कुणाच्या तरी बरोबर करा. ओळख नसली तरी चालेल, कंट्रोलवर "रत्नागिरीपर्यंत सोबत येऊ का?" असं विचारायचं. बीआरएम म्हणजे शर्यत नाही, सगळे थांबतात.

भाट्येपूल

ताई, हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. शाळेतसुद्धा मी दुपारपर्यंत पाणी टाळते, ती सवय आधी मोडायला हवी.

दादा, शेवटचे दोन प्रश्न. बरोबर काय काय घेऊ? आणि वेळेत नाहीच जमलं तर? घरून गाडी मागे ठेवू का?

सड्यावरचा

गाडी मागे मागे चालवता येत नाही. बीआरएमला बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते, मध्ये घेतली तर राइड बाद होते. भावाला हवं तर वळायच्या कंट्रोलवर येऊ दे, डबा आणि कोरडे मोजे घेऊन. मध्ये मात्र तुमचं तुम्ही.

दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, अॅलन कीचा संच. चेनची एक सुटी कडी. पंक्चर काढायला आत्ता शिका, घरच्या पडवीत मागचं चाक काढून परत बसवा, घड्याळ लावून. पंधरा मिनिटांच्या आत आलं की पुरे. जांभ्याची धूळ ब्रेकच्या पॅडमध्ये अडकते आणि खाडीकडे उतरताना ब्रेक कुरकुरतात, आदल्या दिवशी पॅड काढून घासून घ्या, झिजले असतील तर बदला. हेल्मेट, पुढे-मागे लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं धरा. पुढचा लाइट रस्त्यावरचे खड्डे दाखवणारा हवा, नुसता लुकलुकणारा नको. राइड झाली की गोड्या पाण्याने सायकल धुवा, पुसा, चेनला तेल द्या, अगदी त्याच रात्री. खारी हवा सकाळपर्यंत थांबत नाही.

वेळेत नाही जमलं तर तुमच्या राइडच्या कार्डवर तशी नोंद होते आणि पुढच्या 200 ला तुम्ही परत नाव देता. त्याचा कुठे डाग राहत नाही. जमलं तर निकाल पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबकडे नोंदीला जातो, ज्यांनी 1921 पासून हे ब्रेव्हे, म्हणजे अशा वेळेच्या राइड, चालवले आहेत. पुढे एकाच मोसमात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, 200, 300, 400 आणि 600 पूर्ण केलेत की सुपर रँदोनर हा किताब. त्याच्या पुढे चार वर्षांनी एकदा होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, 1200 किलोमीटर, नव्वद तास. पुढची 2027 मध्ये. आत्ता तो विचार नको, पण माहीत असू दे.

दुपारच्या सरावाला पहिल्यांदा कधी निघताय? या रविवारी मी आडिवऱ्याला जाणारच आहे. साडेबाराला महाकालीच्या देवळापाशी भेटू, भावालाही आणा. मागचं चाक तिथेच काढून दाखवतो.

भाट्येपूल

या रविवारीच. आगळाची बाटली घेऊन येते.